चिठ्ठीवरचे ‘इत्यादी’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

लंडनजवळ क्यू येथे जो प्रचंड वनस्पतिसंग्रह आहे, त्यात आपल्या कोकणातल्याही अनेक वनस्पती वाळवून, कागदावर चिकटवून जपून ठेवल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच कागदांच्या कोपऱ्यात एक छापील चिठ्ठी दिसते. वनस्पती कुठे मिळाली? तर ‘मलबार, कोकण, इत्यादी’. कुणी गोळा केली? तर ‘स्टॉक्स, लॉ, इत्यादी’. बस, एवढेच. तारीख नाही, गाव नाही, डोंगर नाही.

स्टॉक्स हे मुंबई इलाख्यातले डॉक्टर, लॉ हे मुलकी अधिकारी. नोकरी सांभाळून दोघांनीही वनस्पती जमवल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हूकर आणि थॉमसन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी हिंदुस्थानातून आलेले असे ढीगच्या ढीग निवडले, त्यांचे संच केले आणि निरनिराळ्या संग्रहालयांना वाटले. हजारो कागदांवर हाताने लिहीत कोण बसणार? म्हणून चिठ्ठ्या छापून घेतल्या. आता ज्या झाडाखाली ही चिठ्ठी आहे ते रत्नागिरीजवळचे की कालिकतजवळचे, हे सांगणे अवघड.

मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर. एका तालुक्याच्या गावी तेहेतीस वर्षे शिकवले. ही चिठ्ठी मी पहिल्यांदा पाहिली ती २०१० साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तीही संगणकाच्या पडद्यावर. तरुण संशोधकांसाठी तीन दिवसांची कार्यशाळा होती. जीवसृष्टीच्या नोंदी संगणकावर कशा ठेवायच्या आणि एकमेकांत कशा वाटून घ्यायच्या, हे शिकवण्याची. माझी एक विद्यार्थिनी जाणार होती. ती म्हणाली, “सर, तुम्हीही चला ना.” मी गेलो. वर्गात माझ्या खालोखाल वयाने मोठा जो होता तो चौतीस वर्षांचा होता.

पहिल्याच तासाला शिकवणाऱ्या बाईंनी ही चिठ्ठी पडद्यावर टाकली आणि म्हणाल्या, “हिची एक ओळ करा.” ओळ म्हणजे तक्त्यातली आडवी ओळ. एका रकान्यात शास्त्रीय नाव, दुसऱ्यात तारीख, मग गोळा करणाराचे नाव, अक्षांश, रेखांश आणि शेवटी एक रकाना जो मी जन्मात कधी पाहिला नव्हता: सांगितलेली जागा किती मीटरने चुकलेली असू शकते त्याचा. मुलांनी कोकण आणि मलबारचा मध्य काढला, वर्तुळ मारले आणि त्या रकान्यात पाच लाखांच्या वरचा आकडा लिहिला. पाचशे किलोमीटर! वर्गात हशा पिकला. मी हसलो नाही, कारण माझ्या पिशवीत माझ्या स्वतःच्या डायऱ्या होत्या.

पण आधी मागची थोडी हकीकत सांगतो. जागा नीट लिहावी हे शहाणपण संगणकाने शिकवलेले नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे (म्हणजे आताच्या सीओईपीचे) प्राचार्य थिओडोर कुक यांनी निवृत्तीनंतर क्यूमध्ये बसून मुंबई इलाख्याची ‘फ्लोरा’ लिहिली. १९०१ ते १९०८ या काळात ती प्रसिद्ध झाली आणि आजही आमच्या टेबलावर असते. कुक प्रत्येक वनस्पतीखाली जागा देतात, पुढे गोळा करणाराचे नाव, आणि नावापुढे बहुतेक ठिकाणी एक उद्गारचिन्ह. विद्यार्थिदशेत मला वाटे, या गृहस्थांना इतके आश्चर्य कशाचे वाटते? नंतर कळले की वनस्पतिशास्त्रात या चिन्हाचा अर्थ ‘हा नमुना मी स्वतः पाहिला आहे’ असा असतो. ऐकीव काय आणि पाहिलेले काय, हे एका चिन्हात सांगण्याची ही रीत. कार्यशाळेतल्या तक्त्यात त्यासाठी स्वतंत्र रकाना होता: नोंद कशाच्या आधारावर केली? जपलेल्या नमुन्यावरून, प्रत्यक्ष निरीक्षणावरून, की पुस्तकातून? कुकसाहेबांचे उद्गारचिन्हच ते, फक्त कपडे बदललेले.

प्राण्यांच्या बाबतीत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने याहून शिस्तीचे काम केले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९११ मध्ये हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. ती १९२३ पर्यंत चालली. पहिला अहवाल आपल्या खानदेशाचा. क्रम्प नावाचे संग्राहक तिथे तंबू ठोकून राहिले. उंदीर असो की वटवाघूळ, प्रत्येकाला चिठ्ठी. तिच्यावर गाव, तारीख, शेपटीची लांबी, कानाची लांबी. खानदेशातल्या उंदराच्या चिठ्ठीवर जेवढी माहिती आहे, तेवढी कोकणातल्या कित्येक फुलांच्या चिठ्ठीवर नाही, हे आम्हा वनस्पतीवाल्यांना मान्यच करावे लागेल.

या पाहणीमागे सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड होते. शाळकरी सालिम अलींनी मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन सोसायटीत पाऊल टाकले, तेव्हा त्यांना आत घेऊन पक्ष्यांचे खण उघडून दाखवणारेही हेच मिलार्ड. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मला तिच्यातले वेगळेच महत्त्वाचे वाटते. त्या काळी तरुणाला तयार करायचे म्हणजे एका मोठ्या माणसाने एका मुलासमोर खण उघडायचे. ज्याला असा मिलार्ड भेटला तो शिकला. ज्याला मुंबईचे तिकीट परवडत नव्हते, त्याच्यासाठी खण बंदच.

मी एम.एस्सी. झालो १९७५ मध्ये. आमच्या गुरुजींनी वनस्पती दाबायला शिकवले, कागद बदलायला शिकवले, फुलाचे भाग उकलायला शिकवले. चिठ्ठी कशी लिहावी हे मात्र जाता जाता सांगितले. मी माझ्या आवडत्या फाउंटन पेनने, निळ्या शाईने, सुरेख अक्षरात चिठ्ठ्या लिहीत असे. १९८९ च्या पावसाळ्याआधी कॉलेजची इमारत रंगवायला काढली, तेव्हा हर्बेरियमची कपाटे व्हरांड्यात ठेवली गेली. पाऊस आठवडाभर आधी आला. झाडे बरीचशी वाचली. चिठ्ठ्यांवर फक्त निळे ढग उरले. चारशेच्या आसपास कागद होते. पुढे बरीच वर्षे मी याबद्दल रंगाऱ्यांना आणि कार्यालयाला बोल लावत आलो, पण शाई माझी होती. पेन्सिल किंवा पाण्याने न विरघळणारी काळी शाई वापरावी, हे पहिल्या इयत्तेचे ज्ञान आहे.

उरल्या त्या माझ्या डायऱ्या. एकंदर एकवीस.

त्याहून मोठी चूक आता सांगतो. माझा जीव कंदीलपुष्पांवर. सेरोपेजिया प्रजातीतल्या या नाजूक वेली सह्याद्रीत आहेत आणि त्यांतल्या कित्येक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. पावसाळ्यात जमिनीतल्या कंदातून वर येतात, कंदिलासारखे फूल देतात, आणि दिवाळीनंतर तुम्ही त्याच जागी गेलात तर तिथे काही होते यावर विश्वास बसणार नाही. सिंधुदुर्गातल्या एका सड्यावर मला यांतली एक दुर्मिळ जात मिळाली होती. साधारण १९९४ च्या सुमारास एका तरुण संशोधकाचे पत्र आले. तो या प्रजातीचा अभ्यास करत होता, माझ्या नोंदी मिळतील का, असे त्याने फार आदबीने विचारले होते. मी उत्तर दिले नाही. पुढेमागे आपणच निबंध लिहू, असा विचार होता. निबंध लिहिला नाही.

काही वर्षांनी त्या सड्यावर चिरेखाण सुरू झाली. गावातल्या दोघातिघांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांना विचारले गेले की इथे जपण्यासारखे काय आहे, याचा पुरावा दाखवा. छापील असे काही नव्हते. पुरावा माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होता. मला ही हरकत घेतल्याचे कळले तेसुद्धा वर्षभरानंतर, एका लग्नात.

तर अशा डायऱ्या घेऊन मी त्या वर्गात बसलो होतो.

आता हा वर्ग का भरला होता, ते सांगायला हवे. १९९२ साली रिओ येथे जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या सतराव्या कलमात माहितीच्या देवाणघेवाणीचा विषय आहे, आणि शक्य असेल तिथे माहिती मूळ देशांकडे परत जावी असेही म्हटले आहे. हे वाक्य आपल्यासारख्या देशांसाठी फार मोलाचे. आपल्या झाडांचे जुने नमुने लंडन, एडिंबरा, पॅरिस इथे. ते परत मागणे ही वेगळी लढाई, पण निदान चिठ्ठीवरची माहिती तरी परत यावी. १९९९ मध्ये श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या एका गटाने शिफारस केली आणि २००१ मध्ये ‘ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी’, म्हणजे जीबिफ, ही यंत्रणा उभी राहिली. तिचे कार्यालय कोपनहेगनला.

जीबिफची कल्पना मला कार्यशाळेत समजली, तेव्हा मनातली निम्मी धास्ती गेली. माझा समज असा होता की सगळे आपली माहिती त्यांच्या पेटीत टाकणार आणि पेटीची किल्ली त्यांच्याकडे राहणार. प्रत्यक्षात नोंद ज्याची त्याच्याकडेच राहते. तो ती ठरलेल्या साच्यात मांडतो, महाजालावर ठेवतो आणि कोपनहेगनची यंत्रणा त्याची सूची करते. नोंद सुधारायची झाली तर मालकानेच सुधारायची. या साच्याला ‘डार्विन कोअर’ म्हणतात. २००९ मध्ये त्याला अधिकृत प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. साचा म्हणजे दुसरे काही नाही, रकान्यांची सर्वांनी मान्य केलेली नावे. केनियातला फुलपाखरूवाला आणि कोल्हापुरातला गवतवाला एकाच रकान्यात तारीख लिहू लागले की त्यांच्या वह्या एकमेकींशी बोलू लागतात.

यात पुण्याचाही वाटा आहे आणि तो पुण्यातही फारसा कुणाला ठाऊक नाही. रसायनशास्त्रासाठी नावाजलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या माहिती विभागात विश्वास चव्हाण आणि त्यांचे सहकारी भारतातल्या प्राण्यांची संगणकीय सूची करत होते. ‘इंडफौना’ तिचे नाव. २००३ मध्ये चव्हाण आणि कृष्णन यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून मांडले की आपल्या निसर्गसंग्रहांसाठी राष्ट्रीय पातळीवर माहितीची व्यवस्था हवी. पुढे चव्हाण कोपनहेगनला जीबिफमध्ये गेले. त्यांचे नाव पुन्हा येणार आहे.

कार्यशाळेचे तीन दिवस मुख्यतः चुका काढण्यात गेले, आणि हे शिक्षण मला फार आवडले. दिलेल्या यादीतले ठिपके नकाशावर टाका, असे सांगितले. कोल्हापूरजवळची एक वनस्पती थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात उगवली! कुणीतरी अक्षांशाच्या जागी रेखांश लिहिला होता. १७ आणि ७४ ची अदलाबदल झाली की सह्याद्री उत्तर ध्रुवाकडे जातो. काही ठिपके आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात, विषुववृत्तावर पडले, कारण माहिती नसलेल्या जागी मोकळे सोडण्याऐवजी शून्य भरले होते. या चुका निदान दिसतात तरी. तारखेची चूक दिसतही नाही. ‘८/७’ म्हणजे आठ जुलै की सात ऑगस्ट? आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेतले महिना आधी लिहितात, आणि एक्सेल कुणाचे ऐकेल याचा भरवसा नाही. कंदीलपुष्प दोन्ही तारखांना फुललेले असू शकते. म्हणून वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, अशीच तारीख लिहायची. पहिल्या रात्री मी खोलीवर जाऊन माझी एक डायरी उघडली. सगळीकडे ‘८/७’ आणि ‘९/८’. भारतातच लिहिल्यामुळे वाचलो.

मुलांकडे जीपीएसची यंत्रे होती. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर शंभरेक मीटरचा फरक पडत असे, त्यानंतर तो बराच कमी झाला. त्यामुळे मुलांच्या नोंदींत अक्षांश सहा-सहा दशांश स्थळांपर्यंत. मी सहज गणित केले, सहा दशांश स्थळे म्हणजे वीतभरही जागा नाही. एका मुलाने अशा वीतभर अचूक जागी एका गवताचे नाव लिहिले होते, ते गवत मात्र भलतेच होते. मी त्याचा फोटो पाहून सांगितले. तो ओशाळला, पण दुपारी भिंग घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. बाकीचे दोन दिवस तो मला तक्ता शिकवत होता आणि मी त्याला गवत.

दुसऱ्या दिवशी खरा वाद झाला तो श्रेयाचा. एक मुलगा उभा राहून म्हणाला, “मी पाच वर्षे पायपीट करून नोंदी करायच्या, त्या सगळ्यांना खुल्या करायच्या, आणि त्यावर निबंध परदेशातल्या माणसाने लिहायचा. मग माझी पीएच.डी. कशावर?” वर्ग शांत झाला. मला १९९४ चे ते पत्र आठवले. मुलाचे म्हणणे चूक नव्हते. विद्यापीठात निबंध मोजतात, नोंदी कुणी मोजत नाही.

त्याला उत्तर मिळाले ते पुढच्या वर्षी. २०११ मध्ये विश्वास चव्हाण आणि बल्गेरियाचे ल्युबोमिर पेनेव्ह यांनी ‘डेटा पेपर’ ही कल्पना सविस्तर मांडली. नुसत्या नोंदींचा संच असला, तरी तो कसा जमवला, किती अचूक आहे, त्यात काय उणे आहे, याचे वर्णन लिहायचे, ते तज्ज्ञांनी तपासायचे आणि नियतकालिकात रीतसर छापायचे. मग नोंदी करणाराचे नाव लेखक म्हणून लागते आणि वापरणाराला त्याचा उल्लेख करावा लागतो.

या पद्धतीने जे पहिले काही पेपर निघाले, त्यांतला एक आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. तो २०११ मध्येच ‘झूकीज’ या नियतकालिकात आला. ईशान्य भारतातल्या पक्ष्यांचा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि जीबिफ यांच्या मंडळींनी मिळून १९१५ ते २००८ या काळातले छापील साहित्य, मुख्यतः सोसायटीचेच जुने जर्नल, चाळून काढले आणि २४०० हून अधिक नोंदी एक्सेलच्या तक्त्यात बसवल्या. सर्वांत जुनी निरीक्षणे १९०९ ची. निम्म्याहून अधिक नोंदींची जागा किंवा तारीख मागाहून शोधून सुधारावी लागली. या कामाचे कष्ट ज्याने जुने जर्नल उघडले आहे त्यालाच कळतील. चहाच्या मळ्यातल्या साहेबाने लिहिलेले इंग्रजी स्पेलिंग, बदललेली गावांची नावे, पक्ष्यांची तीनदा बदललेली शास्त्रीय नावे. एका ओळीसाठी कधी कधी अख्खी सकाळ जाते. पूर्वी असे काम करणाराचे नाव कुणाच्या तरी निबंधाच्या शेवटी, आभारात, तेही असलेच तर. इथे ते शीर्षकाखाली छापले गेले.

त्यानंतर गोष्टी भराभर झाल्या. जीबिफकडच्या नोंदी २०१८ मध्ये शंभर कोटींवर आणि २०२२ मध्ये दोनशे कोटींवर गेल्या. आपल्याकडे पक्षीवाल्यांनी बाजी मारली. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालासाठी २०२० मध्ये सुमारे एक कोटी निरीक्षणे हाताशी होती, २०२३ मध्ये तीन कोटी, तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांची. त्यावरून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. यात कॉलेजची पोरे मोठ्या संख्येने आहेत. वनस्पती आणि कीटक यांत आपण फारच मागे आहोत. फूल उडून जात नाही, म्हणून उद्या नोंदवू असे वाटते, हे एक कारण असावे.

एक प्रश्न मात्र कार्यशाळेत सुटला नाही आणि मला वाटते तो कायमचा सुटणाराही नाही. दुर्मिळ वनस्पतीची नेमकी जागा जाहीर करायची का? कंदीलपुष्पाचे कंद गुराखी पोरे पूर्वीपासून उकरून खातात, त्याने फारसे बिघडत नाही. पण शौकिनांना पत्ता कळला की एका पावसाळ्यात सडा रिकामा होऊ शकतो. यावर उपाय म्हणून जागा मुद्दाम ढोबळ करून देतात. अंशाचा दहावा भाग, म्हणजे अंदाजे अकरा किलोमीटरपर्यंतच सांगायची आणि नेमकी जागा मालकाने स्वतःकडे ठेवायची. नोंद आहे हे जगाला कळते, कंद कुठे आहे हे कळत नाही. माझ्या खाणीच्या सड्याच्या वेळी एवढे जरी असते, तरी गावकऱ्यांच्या हातात काहीतरी कागद असता. त्या सड्याचा उरलेला भाग अजून आहे आणि म्हणूनच मी इथे त्याचे नाव घेतले नाही.

कार्यशाळेहून परतल्यावर मी डायऱ्या विद्यार्थिनीकडे दिल्या. तिने आणि तिच्या दोन मित्रांनी तीन वर्षे रविवारी बसून त्या तक्त्यात उतरवल्या. मी शेजारी बसून आठवून सांगायचो. कुठे ‘देवळामागची घळ’, कुठे ‘पाटलांच्या विहिरीच्या वर’. जुने नकाशे पसरायचे, कधी एसटीने जाऊन पाहून यायचे. विहीर सापडायची, पाटील वारलेले असायचे. सुमारे एकोणीसशे ओळी झाल्या.

अकराव्या डायरीत ती थांबली. १९८३ च्या ऑगस्टमधले पान. माझ्याच निळ्या शाईत लिहिले होते, ‘आंबोली, चौकुळ इ.’ आणि खाली सोळा वनस्पतींची नावे.

“सर, हे ‘इ.’ म्हणजे कुठे?”

मला आठवेना. त्या दिवशी पाऊस फार होता, एवढेच आठवले. मी म्हणालो, “अगं, खोडून टाक ते. आंबोलीच लिही.”

तिने खोडले नाही. डार्विन कोअरमध्ये एक रकाना असा आहे, ज्यात मूळ चिठ्ठीवरचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे असतात, दुरुस्त न करता. तिने शेजारच्या रकान्यात चुकीची मर्यादा म्हणून बारा हजार मीटर लिहिले, आणि मूळ शब्दांच्या रकान्यात ‘आंबोली, चौकुळ इ.’ उतरवले. सोळाही ओळींत. गोळा करणाराच्या रकान्यात माझे नाव आहे.